घराला रंग चालू आहे

जालना,
ता. ४ नोव्हेंबर १९९७

चि. धर्मराज भाऊजींस बेबीनंदा वहिनीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. तुमच्या दादांना मिलमधून चार दिवसांची सुट्टी मिळाली आहे. मीच हट्ट धरला, की पुणं बघायचं. दोन दिवस पुरे, तुमचं घरही बघून होईल. आणि एक गंमत. इथं बसस्टँडसमोर चायनीजची गाडी लागते. दादांनी एकदा खाल्लं आणि म्हणाले, ही तर तेलात पडलेली शेवई, खरं चायनीज पुण्यात मिळत असेल, धर्मा बराबर हॉटेल शोधील. तेव्हापासून येता-जाता तेच. पोट भरेल असं मात्र बघा, त्यांची भूक तुम्हाला ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो उत्तरातूनही कळू द्या.

तुमची वहिनी
बेबीनंदा

पुणे,
ता. ११ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

बावीस तारखेला, शनिवारी, शिवाजीनगरला उतरा, मी घ्यायला येतो. त्या दिवशी शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, सारसबाग. रविवारी पर्वती, तुम्ही दोघं वर जा, मी खाली चपला सांभाळीन. चायनीजसाठी कॅम्पातलं हॉटेल हेरलं आहे. मी आधी जाऊन सूप, नूडल्स, भात सगळं खाऊन पाहिलं. एका प्लेटीत दादांचं काही होणार नाही, तीन सांगू.

एकच अडचण आहे. घराला रंग चालू आहे, हीसुद्धा माहेरी गेली आहे. म्हणून लॉजमध्ये स्वच्छ खोली घेतली. राग नसावा, लोभ असावा.

आपला
धर्मराज

पुणे,
ता. २५ नोव्हेंबर १९९७

ती. वहिनी,

हे पत्र दादांना दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

रंगकाम नव्हतं. इथं मी आडनाव बदलून राहतो. आपण बौद्ध आहोत, हे घरमालकाला ठाऊक नाही आणि ऑफिसातही नाही. दादा जिना चढतानाच शेजाऱ्यांना जयभीम घालणार, या भीतीनं तुम्हाला लॉजवर ठेवलं.

हॉटेलात तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा आमचे साहेब आले. पाहुणे कोण, म्हणून विचारलं. मी म्हणालो, गावाकडचे ओळखीचे. दादांची तिसरी प्लेट चालू होती. ते उठून उभे राहिले, आणि जो माणूस पाटलालाही जयभीमच घालतो, त्यानं हात जोडून साहेबांना रामराम केला. "आमी गावाकडचेच, साहेब. यांचे लई उपकार हायेत आमच्यावर," म्हणाले.

दोन-दोन पाळ्या करून ज्यानं मला शिकवलं, त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी गप्प बसलो. साहेब गेल्यावर दादांनी उरलेल्या नूडल्स संपवल्या, झकास आहेत म्हणाले. वहिनी, मला माझीच शरम वाटते. माफी मागायलाही तोंड नाही.

धर्मराज

जालना,
ता. ४ डिसेंबर १९९७

चि. धर्मराज भाऊजींस सप्रेम जयभीम.

पत्र दादांना दाखवलं नाही. राग आला, खोटं कशाला सांगू? दोन दिवस तुमचं नाव घेतलं नाही.

हॉटेलातलं दादांनी मला सांगितलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, की पोराच्या घराचा विषय काढू नको. इथं गल्लीत मात्र सगळ्यांना सांगून राह्यले, की दोन दिवस धर्माच्याच घरी होतो, गॅलरीतून पर्वती दिसते, नूडल्ससुद्धा त्याच्या बायकोनंच करून वाढल्या.

काल शेजारच्या सगुणाबाईंनी मला विचारलं, दिराचं घर किती खोल्यांचं. मी दोन म्हणाले. दादा सकाळीच त्यांच्या मालकाला तीन सांगून बसले होते.

लोभ तुटलेला नाही, पण खोल्या नक्की किती आहेत ते जल्दी कळवा. लोक विचारतात, आणि आम्हा दोघांचं सांगणं एक यायला हवं.

बेबीनंदा