तुझी तीन बोटं

आई,

काल गुडघा दाखवायला इथल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. सुया टोचतात त्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, टोचून घ्यायला तिथे कशाला जायला हवं, घरात शिवणाच्या सुया काय कमी आहेत? बाई सत्तरीच्या. मला म्हणाल्या, चार बोटं जुळव आणि गुडघ्याच्या वाटीखाली आडवी ठेव. मला वाटलं, त्यांना वाकवत नसेल. तरी म्हटलं, तुम्हीच मोजा ना. तर हसल्या. "माय फिंगर नो यूज लाह! युअर लेग, युअर फिंगर." मग समजावून सांगितलं. त्यांचं फार जुनं माप आहे, त्सुन. एक त्सुन म्हणजे अंगठ्याची रुंदी, नाहीतर मधल्या बोटाचं मधलं पेर, पण ज्याचं अंग त्याचंच बोट. धिप्पाड माणसाचा त्सुन मोठा, लहान मुलाचा लहान. डॉक्टरच्या बोटानं मोजलं की जागा चुकते. हे ऐकलं आणि मला तुझं मनगट आठवलं.

तुझ्या केमोच्या वेळी मी आठ दिवसांसाठी पुण्याला आले होते, आठवतं? ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीनं कागदावर हात काढून दिला होता. मनगटाच्या रेघेपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये दाबायचं, मळमळ थांबते. रोज चहा झाला की मी तुझा हात मांडीवर घ्यायची, माझी तीन बोटं तुझ्या मनगटावर ठेवायची आणि त्यांच्या वर दाबत बसायची. माझी बोटं, आई! बाबांसारखी, तू ज्यांना फावडी म्हणायचीस ती. तुझी बोटं तर तेव्हा इतकी वाळली होती की अंगठी दोरा गुंडाळून घालत होतीस. माझी तीन म्हणजे तुझी चार तरी भरली असती.

आणि हे मला कळायला हवं होतं, कारण तूच शिकवलं होतंस. मी नववीत. पहिल्यांदा भात लावतेय. तांदळावर एक पेरभर पाणी, असं सांगून तू मशीनवर जाऊन बसलीस. मी मोजून पेरभर घातलं आणि भाताची पेज झाली. तू आधी तडकलीस. "अगं, माझं पेर आणि तुझं पेर एक आहे का? ते फावडं बुडवल्यावर दुसरं काय होणार!" मग तूप-मेतकूट घालून ती पेज आपण दोघींनी हसत हसत खाल्ली. इथल्या विजेच्या कुकरच्या भांड्यात पाण्याच्या रेघा आहेत, तरी मी अजून बोटच बुडवते आणि पेराच्या जरा आधी थांबते. लेक शिकायला गेल्यापासून एकटीपुरताच भात असतो. पुंगोलच्या या फ्लॅटमध्ये संध्याकाळी कुकरचं बटण टक्‌ करून वर उडतं, तेवढाच काय तो आवाज. तुझी फार आठवण येते तेव्हा.

आठव्या दिवशी तू म्हणालीस, "बरं वाटतंय गं आता. तुझा हात लागला. जा तू निवांत." मी गेले. सोमवारी इथे चांगी बिझनेस पार्कमध्ये मोठी मीटिंग होती. त्यानंतर तीन आठवड्यांत तू गेलीस.

कालपासून मी स्वतःला सांगतेय की जागा चुकली. कुणी नीट मोजायला शिकवलं असतं तर तुला आराम पडला असता आणि तू म्हणालीस ते खरं झालं असतं. एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं होतं. पण हे तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते. निघायच्या सकाळी तू मोरीत नळ मोठा सोडून ओकत होतीस. मला ऐकू येत होतं. मी बॅग भरत राहिले.