तिप्पेस्वामींच्या नावापुढची खूण

दावणगेरे,
१८ नोव्हेंबर

तिप्पेस्वामी अण्णा,

वनजाक्षीचा नमस्कार. केंचम्मा वहिनींनाही सांगा. चळ्ळकेऱ्याकडून येणारे सगळे यंदा शेंगा चांगल्या झाल्या म्हणतात. तुमच्याही झाल्या असतील. गुडघ्याला तेल लावता की नुसतं लावतो म्हणता?

आम्ही सगळे मजेत आहोत. आमची चैत्रा आठवीत गेली, गणितात माझ्यापेक्षा हुशार निघाली. मुलींचं वसतिगृह पुरं होऊन आता शेजारीच वाचनालय उभं राहतंय. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला. खालून बघितलं तर एकही डाग नाही. तुम्ही असता तर तरीही नखानं खरवडून बघितलं असतं.

कामावरचं ते ॲप आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. नकाशा बदलला की प्रत्येक मेस्त्रीच्या फोनवर जातो. तुमच्या वेळी त्याखाली ‘पाहिलं’ एवढं दाबलं की नावापुढे हिरवी खूण यायची. आता तसं नाही. काय बदललं ते मेस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं बोलून पाठवायचं. ‘जिन्याची पहिली पायरी नऊ इंच मागे’, असं. परवा रहमानसाबनं बोलता बोलता सळईला एक शिवी हासडली, ती तशीच महेश्वरप्पा साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणाले, “माप बरोबर आहे. शिवीही बरोबर आहे. काम चालू करा.”

ही पद्धत मी मागून घेतली. का, ते सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं, आणि शेंगांपासून शिवीपर्यंत सगळं लिहून झालं तरी तिथे पोचले नाही.

गेल्या महिन्यात हिरियूरला एका लग्नात केंचम्मा वहिनी भेटल्या. मी विचारलं, अण्णा काय करतात? वहिनी म्हणाल्या, “काय करणार? बसून असतात. ओळंब्याला हात लावत नाहीत. मागच्या अंगणात मोरी बांधायची होती, तीन फुटांची, तर गावातला दुसरा गवंडी बोलावला. म्हणे, मला विसरायला होतं, माझं बांधलेलं कुणाच्या अंगावर पडलं तर?”

मी म्हटलं, “डॉक्टरांना दाखवलं का?”

“दाखवलं की चित्रदुर्गाला. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. हे म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय? फोनमध्ये लिहिलेलं होतं. फोन कशाला खोटं बोलेल?”

माझ्या हातात जेवणाचं पान होतं, अण्णा. ते मी तसंच ठेवून उठले.

फोन खोटं बोलला. मी त्याला बोलायला लावलं.

वसतिगृहाच्या भोजनगृहाचे ते चार खांब. लिफ्टचा खड्डा मोठा करायचा ठरल्यावर आर्किटेक्टनं ती रांग दीड फूट पूर्वेला सरकवली. नवा नकाशा गुरुवारी ॲपमध्ये आला. तुमचा फोन नेहमीप्रमाणे डब्याच्या पिशवीत. तुम्हाला ते दाबादाबीचं आवडत नव्हतं, कधी दाबायचात, कधी नाही, आणि एक नाव लाल राहिलं तरी संध्याकाळी साहेबांचा मला फोन यायचा. म्हणून तुमचा पासवर्ड मी माझ्या फोनवर घालून ठेवला होता. तुमचं राहिलं की तुम्हाला न सांगता तुमच्या नावानं ‘पाहिलं’ मीच दाबायची आणि कागदावरचा नकाशा तुमच्या हातात आणून द्यायची. चार महिने सुरळीत चाललं. मला वाटायचं, मी तुमची सोय करतेय.

त्या गुरुवारी दाबलं, आणि कागद द्यायचा राहिला. दुपारी तालुका कचेरीत जायचं होतं, शुक्रवार-शनिवार सुट्टी घेतली होती. सोमवारी आले तेव्हा चारही खांबांचे पाये जुन्या जागी भरून झाले होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या बाजूनं लिहायलाच हवं. साहेबांनी सगळ्यांसमोर फोन तुमच्या डोळ्यांपुढे धरला. तिप्पेस्वामी, पाहिलं, गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, “पाहिलं असेल. मला आठवत नाही.”

मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. तुम्ही ‘नाही पाहिलं’ म्हणून भांडला असतात तर मी बोलले असते, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. तीही खोटी असेल. पाये फोडताना तुम्ही शेवटपर्यंत तिथेच उभे राहिलात, आणि आठवड्यानं घरी निघून गेलात. मला वाटलं, तुम्ही रागावून गेलात. रागावलेला माणूस कधीतरी परततो, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही स्वतःवरचाच विश्वास गमावून गेलात हे मला ठाऊक नव्हतं.

लग्नाहून आल्यावर मी सॉफ्टवेअर कंपनीला जुनी नोंद काढायला लावली. आपल्या पडद्यावर फक्त नाव दिसतं, पण कुठल्या फोनवरून दाबलं तेही आत लिहून ठेवलेलं असतं. ते कुणी उघडून बघितलंच नव्हतं. त्याचा छापील कागद सोबत जोडला आहे. फोन माझा आहे.

तो घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “दोन वर्षं, वनजाक्षी?”

“हो साहेब.”

“मला सांगून काय उपयोग? मी फोन धरला तेव्हा तिथे पन्नास माणसं होती.”

म्हणून त्या शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. रहमानसाब म्हणाला, “आम्हाला सांगितलंस, ठीक आहे. अण्णाला कोण सांगणार? की त्याच्या नावानंही तूच ‘ऐकलं’ म्हणून दाबणार?”

मुख्य इंजिनियरचं काम वर्षभरासाठी माझ्याकडून काढून घेतलंय. आता मी रमेशाच्या हाताखाली काँक्रीटची तपासणी बघते. खोटं वाटेल, पण मी आनंदात आहे. सकाळी गेटातून आत जाताना आता कुणाची नजर चुकवत नाही.

तुमचं डोकं ठणठणीत आहे, अण्णा. तेव्हाही होतं. जो नकाशा तुम्हाला दाखवलाच नाही, तो तुम्ही विसराल कसे?

माफ करा असं लिहिणार होते. पण ते मागायचं तर समोर येऊन मागायला हवं, आणि तुम्ही ये म्हटल्याशिवाय मी दारात यायची नाही.

तुम्हाला अजून अण्णा म्हणायची मुभा आहे की नाही हे माहीत नसलेली,
वनजाक्षी


चळ्ळकेरेजवळ, घरून
२ डिसेंबर

वनजा,

पत्र पोचलं. केंचीनं आधी फोडलं. वाचून ती चुलीपाशी जाऊन बसली आणि मला म्हणाली, “तुम्हीच वाचा, माझ्यानं सांगवणार नाही.” मला वाटलं कुणी गेलं.

शेंगा बऱ्या आहेत. गुडघा होता तसाच आहे.

तीन दिवस मी तुझं नाव घरात काढू दिलं नाही. केंची एकदा म्हणाली, पोरीनं स्वतः होऊन कळवलं तरी. मी म्हटलं, “दोन वर्षं कुठे होती पोरगी?” मी या घरात कसा बसलो होतो, ते तुला लिहून कळायचं नाही. चहात साखर घातली का हेसुद्धा मी केंचीला विचारायचो. देवळाच्या पायऱ्या बांधायला पंच बोलवायला आले तर मागच्या दारानं निघून गेलो. तुझं नुसतं एक बोट, वनजा.

चौथ्या दिवशी तो छापील कागद परत वाचला. गुरुवार, अकरा दहा. आणि ऐक. त्या गुरुवारी अकरा वाजता मी पाण्याच्या टाकीत उतरलो होतो, आतला गिलावा बघायला. शिडी रहमाननं धरली होती, पण दिवस-वेळ त्याच्या लक्षात कशाला राहील. आत फोन चालत नाही, काही नाही. हे मला पहिल्यापासून आठवत होतं. रोज आठवायचं. पण पडद्यावर दुसरं लिहिलेलं होतं, म्हणून मी माझ्याच आठवणीला खोटी ठरवत बसलो. त्यात तुझा दोष आहेच. पण पस्तीस वर्षं भिंती सरळ बांधणाऱ्या माणसानं एका हिरव्या खुणेला इतकं घाबरावं, हा माझाही आहे. ‘मी टाकीत होतो’ एवढे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत.

उठलो, ओळंबा काढला आणि आधी त्या गवंड्यानं बांधलेली मोरी तपासली. पाऊण इंच बाहेर! केंचीला म्हटलं, बघ. ती म्हणाली, “मला काय दाखवता, पाणी तुंबतंय ते मी रोज बघते.” दोन दिवसांत पाडून नवी बांधली. हात थोडे जड झालेत, पण काम चोख झालं. पंचांनाही हो कळवलंय.

माझा राग गेलेला नाही. आहे ते लिहितो, म्हणजे तू उगाच हुरळून जायची नाहीस. पण तू पन्नास माणसांसमोर उभी राहिलीस हे परवा रहमाननं फोनवर सांगितलं. म्हणाला, अण्णा, हिचा आवाज कापत होता, पण एक शब्द गाळला नाही. ते ऐकून बरं वाटलं. तुला मी कामाला उभं केलं तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस आणि फूटपट्टी उलटी धरायचीस.

महेश्वरप्पांचाही फोन आला. आठवड्यातून दोन दिवस येऊन नवीन पोरांना पायाची आखणी शिकवा म्हणाले. मी म्हटलं, देवळाच्या पायऱ्या झाल्या की येतो. आणि माझा फोन मी दाबणार. वेळ लागला तर लाल राहू दे.

तू रविवारी ये. चैत्रालाही आण. केंची भाकरी करेल आणि तुला रागवेल, मी मध्ये पडणार नाही. जे समोर मागायचं आहे ते जेवणाआधी माग, मागून जेवण गोड लागेल.

तुझा,
अण्णा