टोक लांब ठेवलंय

गुरुवार, ९ जानेवारी

प्रिय आई,

नमस्कार, मनातल्या मनात. सध्या मला वाकायला मनाई आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा गोळ्या घेतात ना, की अजून चुकवाचुकवी चालू आहे?

शिलाईचं दुकान जाऊबाई सांभाळताहेत. बाह्या उलट्या जोडल्या नाहीत म्हणजे मिळवली.

आता घाबरू नकोस, हे मी दवाखान्यातून लिहिते आहे. सोमवारी ओटीपोटात जड वाटत होतं. दिवसभर मशीनवर वाकून बसते, त्यानेच असेल म्हणून मी शहाणीने खुर्चीवरची उशी बदलली! तरी मनात पाल चुकचुकली आणि तपासायला आले. गर्भाशयाचं तोंड उघडलं होतं. बाळाभोवतीची पाण्याची पिशवी बाहेर डोकावत होती. पाचव्या महिन्यात जन्मलेलं बाळ जगत नाही, आई.

"लगेच टाका घालू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण घालताना पिशवी फुटली तर सगळं संपेल. खात्री देत नाही." तुझे जावई पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "घाला. टाक्यांवर तर माझं घर चालतं."

कमरेखाली बधिर करून त्यांनी पिशवी हळूच आत सारली आणि तोंडाभोवती जाड दोरा ओवून आवळला, नेफ्यात नाडी ओढतात तसा. मी पडल्या पडल्या विचारलं, "टोक लांब ठेवलंत ना? उसवताना सापडायला हवं."

"ठेवलंय हो, बाई! नवव्या महिन्यात उसवू."

पिशवी फुटली नाही. आज सोनोग्राफीत बाळ लाथा झाडत होतं. धोका टळला असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणते.

आता ज्यासाठी एवढं लांबण लावलं, ते. मी डॉक्टरबाईंना दादाबद्दल सांगितलं. माझ्या आधीचा, पाचव्याच महिन्यात गेलेला. तू भरलेली बादली उचललीस म्हणून गेला, असं आजी म्हणाली आणि तू ते जन्मभर उराशी धरून बसलीस. त्या म्हणाल्या, "बादलीने असं होत नाही. त्यांचंही तोंड असंच न दुखता उघडलं असेल." मी काही उचललं नव्हतं, आई. नुसती बसले होते.

तुझं काही चुकलं नव्हतं. हे पत्र बाबांना मोठ्याने वाचायला लाव. एकदा त्यांच्या तोंडून हे तुझ्या कानावर पडू दे.

दादाच्या पाठची,
तुझी लेक