लेण्यातला कौल

ता. ९ मार्च १९३३
शिमग्याला घरी पोचलो. दाभोळला बोटीतून उतरून चालत. वहिनी खळ्यात होती. माझ्या पाठीमागे वाटेकडे बघत राहिली. "भावजी, एकटेच?" हो म्हटलं. पाणी दिलं, प्यायलो.

ता. १०
दादा बसऱ्याला इस्पितळात तापाने गेला, दिवाळीआधी. अग्नी मीच दिला. गावात कोणाला माहीत नाही. घरी कळवायला जहाजावर एकच कागद मिळाला, त्यावर सवयीने वर श्री लिहून बसलो. मरणाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. मग खाली लिहिलं, दादा मागच्या बोटीने येतो.
आज सांगणार होतो. वहिनी कुंकू लावत होती. राहिलं.

ता. ११
वहिनीच्या मनात लेण्यातल्या देवाला कौल लावायचा. सकाळी ती, मी, गुरव. आत गार. मधे गोल दगडाचा देव, शेंदूर फासलेला. भिंतीत मांडी घालून बसलेली मूर्त. गाव म्हणतं पांडव, शाळेचे मास्तर म्हणतात बुद्ध. लेण्याच्या तोंडाशी कोणा साहेबाने खणलेला खड्डा. मास्तर सांगतात, भिक्षूंच्याही कितीतरी आधी इथे माणसं राहायची, दगडाच्या पात्यांनी मांस कापायची. खड्ड्यात त्यांची राख अजून काळी. हाडाचा तुकडा. बोट लावून बघितलं. काही वाटलं नाही.
गुरवाने ओल्या पाकळ्या देवाला दोन्ही अंगांना चिकटवल्या. दादा जिता असेल तर उजवी पडू दे. गाऱ्हाणं त्याने घातलं, "होय म्हाराजा" मी म्हणायचं, घरचा पुरुष म्हणून. म्हटलं. आवाज आत फिरून परत आला.
उजवी पडली.
गुरव वहिनीला म्हणाला, "देवानं उजवी दिलान. येयल गो तुझा घोव. आणि ह्याला काय उपाशी ठेवलंस? तोंड बघ."
वहिनी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

ता. १३
होळी झाली. पालखी दारात आली. वहिनीने दोन नारळ ठेवले, एक दादाच्या नावाचा. मी ढोल वाजवला. हात दुखतात, बाकी…

ता. १६
उद्या बोट. वहिनीने दादासाठी कोकमं बांधली. "त्यांना सांगा, कौल उजवा आलाय."
तोंडाने होत नाही. मास्तरांकडून कागद आणला. वर श्री न घालता दोन ओळी लिहिल्या. वहिनीला वाचता येत नाही, श्री तेवढं ओळखते.
दिवा घेऊन इकडेच येते आहे. कागद झाकला नाही.