भावजींची खुर्ची

३ मार्च

ठरलं! भावजींना खुर्चीवरून खाली ओढायचं. दोन वर्षं गिळून बसले, आता बास.

ह्यांना घरच्याच घड्याळांच्या कारखान्यातून काढलं तेव्हा काय म्हणाले? "दादाचा हात थरथरतो, वहिनी. लाखालाखाची घड्याळं असतात." सख्खा धाकटा भाऊ! आज ह्यांनी शेजारणीच्या भंगार घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवली, एका दमात. मला रडू आलं. रागाचं.

५ मार्च

घाव कुठे घालायचा, ते मला ठाऊक आहे. कंपनीच्या कराचं सगळं काम इतकी वर्षं मीच बघायचे. आधी निम्मा नफा करात जायचा. मग मामंजींनी सगळे शेअर ट्रस्टला दिले. कंपनी कुणाची नाही, कुणाला विकता यायची नाही, नफ्यातून घड्याळ शिकवायची फुकट शाळा — म्हणून कर माफ. मामंजी होते तोवर शाळा खरी होती. आता 'विद्यार्थी' मागच्या हॉलमध्ये दिवसभर विकायची घड्याळं जुळवतात आणि शाळेच्या पैशातून भावजी समुद्रात फिरायला बोट घेतात. आयत्या बिळावर नागोबा!

९ मार्च

कर कार्यालयात तक्रार दिली. अधिकारी म्हणे, "बाई, हे घरचं भांडण दिसतंय." म्हटलं, "भांडण आमचं, पण कर तुमचा बुडतोय!" मुकाट्याने कागद घेतला.

ह्यांना सांगितलं नाही. म्हणाले असते, जाऊ दे. जन्मभर सगळं जाऊ देच!

२ एप्रिल

धाड पडली!! नणंदेचा फोन. साहेबांनी एका विद्यार्थ्याला विचारलं, "शिक्षण कुठवर आलं?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी रिटायर होतोय, साहेब." पोट धरधरून हसले.

"आणि हा धाकटा आपला शांत," नणंद म्हणाली. "उलट स्वतःच कपाटं उघडून देत होता."

वाचा बसली असेल मेल्याची.

१७ जून

करमाफी रद्द! नाक कापलं चारचौघांत. आता खुर्ची गेलीच. हे पुन्हा खिडकीजवळच्या आपल्या जागेवर बसतील, आणि भावजी दारात उभे राहतील. मला ते बघायचंय.

१८ जून

ह्यांना सांगून टाकलं. हातातलं घड्याळ ह्यांनी खाली ठेवलं. मग एवढंच, "मला एकदा विचारायचंस."

शाबासकी नकोच, पण निदान चेहरा तरी पाडू नये माणसानं!

३० ऑगस्ट

भावजींचा फोन. आवाजात नुसता मध. "वहिनी, कंपनी विकली. करमाफी गेली की ट्रस्ट मोडायचा आणि शेअर कारखान्यात कामाला असलेल्या आपल्या मुलांकडे यायचे, असं बाबांनीच ट्रस्टच्या मूळ कागदात घालून ठेवलंय. दादा कारखान्यातून बाहेर पडल्यापासून तिथे मुलगा मी एकटाच. मागचा कर चुकवूनही पुष्कळ उरलं. मी स्वतः माफी सोडली असती तर चाललं नसतं हो, कुणीतरी बाहेरच्यानं मोडायला हवी होती. तुमच्यासारखं काम कुणाला जमलं असतं?" घेणाऱ्यांना फक्त नाव हवंय. कारखाना बंद.

हे आतल्या खोलीत होते. सांगितलं.

"ठाऊक होतं. बाबांनी आम्हा दोघांना वाचून दाखवलं होतं."

"मग निकाल लागला तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोलून काय उपयोग होता? आणि तू इतकी खूश होतीस."