हॉयटने एक पट्टी खाली उतरावे

मी, ऑर्बी ली टिडवेल, धंदा न्हावी, बेउला क्रीक क्वार्टेटचा बास, म्हणजे चौघांतला सर्वांत खालचा आवाज, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीबद्दल शंका फक्त आमचा टेनर, म्हणजे सर्वांत वरचा आवाज, हॉयट स्क्रग्ज याला आहे, आणि त्याचे मत कुणी विचारलेले नाही.

घर, दुकान आणि कोंबड्या पत्नी व्हर्डीला. लग्नापासून तिने माझा रियाज सोसला. मी खर्जात शिरलो की ती "बास" एवढेच म्हणायची. मी ते कौतुक समजत आलो.

वस्तरे आणि कंगवे आमचा बॅरिटोन, म्हणजे मधला आवाज, क्लीटस याला. तो टकला आहे, पण त्याला आजवर कुणी काही दिलेले नाही. बॅरिटोनचा आवाज मुळात ऐकू कुणाला येतो?

आता मुख्य मुद्दा. अंत्यविधीच्या गाण्याला माझ्या शवपेटीवर टेपरेकॉर्डर ठेवावा. माझा भाग मी गाऊन ठेवला आहे. मशीन जरा मंद चालते, त्यामुळे जन्मभर न लागलेला तळाचा खर्ज मला मेल्यावर लागेल. मात्र बाकीच्यांनी त्याच पट्टीत गायले पाहिजे. हॉयटने आयुष्यभर मला वरच्या पट्टीत फरफटत नेले. तो एक पट्टी खाली उतरला तर माझी मासेमारीची होडी त्याला. नाही उतरला तर ती पलीकडच्या चर्चच्या मेथडिस्टांना द्यावी. ते बाप्तिस्मासुद्धा आमच्यासारखा नदीत बुडवून न देता ओंजळभर पाण्यात उरकतात, तेव्हा होडीचे काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे.

इथवर वकील फाउलर यांनी मोठ्याने वाचून दाखवले. हॉयट व्हर्डीच्या हातची मक्याची कॉर्नब्रेड खायला आलेला होता.

"मेलेल्या माणसाच्या पट्टीत गाऊ? लोक हसतील, ऑर्बी."

"हसू देत. तू उतरणार का, ते बोल."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"उन्हाळा निघेल म्हणाला. पुढचं काही बोलला नाही."

हॉयटने तोंडातला घास गिळला, फाउलरांचे पेन ओढून घेतले आणि साक्षीदाराच्या रिकाम्या जागेत सही ठोकली.

"अहो, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही," फाउलर म्हणाले. "होडी गेली की तुमची."

"ठाऊक आहे. ती होडी घाला चुलीत. मी फुकट उतरतो."

यावर मला रडू फुटले. असले काही मृत्युपत्रात घालत नाहीत, असे फाउलर म्हणाले. मी घालायला लावले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

ऑर्बी ली टिडवेल

साक्षीदार: जी. टी. फाउलर, वकील
हॉयट स्क्रग्ज, टेनर (खाली उतरेन, पण फक्त एकदाच)

बेउला क्रीक, अलाबामा
१९ मे १९७१