दुसरा हात

सोमवार
आले एकदाची कामावर! घर मोठं, उजेड भरपूर, रंग झकास सुकेल. मालक म्हातारे, एकटेच, गोड बोलतात. राहायला मागची खोली दिलीय. माझ्या आधी इथे दादा रंगवत होता. आतल्या खोलीत भिंतीला एकच हात देऊन तो न सांगता निघून गेला म्हणे. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगाच्या थराला आम्ही हात म्हणतो. नव्या नवरीला, म्हणजे वहिनीला, याचं फार हसू यायचं. आता ती घरी रडतेय आणि हा शहाणा पसार! भेटू दे, खरडपट्टीच काढते त्याची.

मंगळवार
हॉलचा डिस्टेंपर जेवणाआधी सुकला. दारांना ऑइलपेंट दिला, त्याला रात्र लागेल. वर साय धरते, आत ओलंच राहतं. वाकड्या अंगठ्याने ब्रश धरून दादानेच हे शिकवलं मला. आणि त्याची स्वतःची भिंत अजून चिकट! स्वस्तातलं तेल घातलं असणार मेल्याने. नुसता संताप येतो.

बुधवार
मालक म्हणाले, दुसरा हात मिळाला की सुकेल. ओल्यावर दुसरा हात देतात का कुठे? तोंडावर सुनावलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. भिंतीला तळवा लावून पाहिला. कोमट आहे.

गुरुवार
भिंत खरवडली. पांढरी साय फाटली, खाली लाल. दादाने लाल दिलाच नव्हता. मालकांना जाब विचारला तर म्हणाले, तुमच्या दादाचा हात छान बसलाय. दादा कुठंय, म्हणून मी ओरडले. हसला थेरडा!

शुक्रवार
सायीखालून बोटं वर आलीत. अंगठा वाकडा—
आणि मी त्याला पळपुटा म्हणत होते. माझंच थोबाड फोडावंसं वाटतंय. आधी त्याला बाहेर काढते, मग या म्हाताऱ्याला—

शनिवार
आतल्या खोलीच्या दाराला ताजा रंग फासून थेरड्याने ते ओलं असतानाच बाहेरून लावलं. चौकटीला चिकटून बसलंय. लाथा घातल्या, शिव्या घातल्या. मागे अंगठा हलला. दादाचा हात धरून जीव खाऊन ओढला—

डाव्या हाताने लिहितेय. उजवा सुटत नाही. मनगटावर साय धरतेय. भिंत सुकतेय.

थेरडा बाहेरून विचारतोय, घरी अजून कोण आहे. तिसऱ्या हाताशिवाय चकाकी येत नाही म्हणतो. नाही सांगणार, मेल्या, नाही— डावा हात माझं ऐकत नाही, आपोआप लिहितोय—

वहिनी, मला शोधायला ये—